सात ब्लँकेटे, पावती नाही

चादरी, पडदे, उशा आणि ब्लँकेटे विकणाऱ्या त्या तिमजली दुकानात शिरले की उजव्या हाताला, जिन्याच्या पोटाखाली, एक खिडकी होती. घेतलेला माल नकोसा झाला की लोक तो तिथे आणून देत आणि पैसे घेऊन जात. खिडकीमागे एकोणीस वर्षे एकच बाई बसत आली होती. तिला नावाने हाक मारणारे घरीच काय ते उरले होते. दुकानात मालकांपासून रखवालदारापर्यंत सगळे तिला परतमावशी म्हणत. पहिल्या वर्षी तिला त्या नावाचा राग येई. पुढे ते असे अंगवळणी पडले, की दुकानात कुणी खरे नाव घेतले असते तर तिने मान वळवूनही पाहिले नसते.

खिडकीच्या डोक्यावर लाकडी पाटी होती. ‘आवडले नाही? परत आणा. कारण सांगू नका.’ थोरल्या बाईंनी, म्हणजे दुकानाच्या मालकिणीने, पती गेल्यावर दुकान हाती घेतले त्या वर्षी ती रंगवून घेतली होती. पाटीवर पावतीचा उल्लेख नव्हता. पावती मागणे म्हणजे गिऱ्हाइकाला तोंडावर चोर म्हणणे, असे बाईंचे मत होते. आणि बाईंच्या मताला त्या तिन्ही मजल्यांवर दुसरे मत नसे.

मग लबाडी ओळखायची कशी? ते बाईंनी मावशीला पहिल्याच दिवशी शिकवले होते. माणसाच्या तोंडाकडे बघत बसायचे नाही, कापड हातात घ्यायचे. दुकानातून थेट परत आलेले कापड आणि चार दिवस कुणाच्या घरी राहून आलेले कापड यांत फरक असतो. घरी गेलेल्या कापडाला तळणाचा, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा, मांजराचा वास लागतो. घडी मोडते ती पुन्हा तशी बसत नाही. एकोणीस वर्षांत मावशीचे नाक आणि बोटे अशी तयार झाली होती, की लोक तिला थोडे भीतच असत.

त्या सोमवारी एक गृहस्थ टेबलक्लॉथ घेऊन आले.

“उघडलासुद्धा नाही हो, मावशी. जसा नेला तसा आणलाय.”

मावशीने तो नाकाजवळ नेला. “पाहुणे किती होते?”

“कुठले पाहुणे?”

“दहा-बारा तरी असतील. वाढदिवस होता का?”

गृहस्थांनी रखवालदाराकडे पाहिले. रखवालदाराने छताकडे पाहिले.

“कोपऱ्यावर मेणबत्तीचं मेण सांडलंय,” मावशी म्हणाली. “वर जुना कागद ठेवून इस्त्री फिरवा, निघून येईल. आणि पुढच्या वाढदिवसालाही हाच वापरा. छान आहे.”

गृहस्थ टेबलक्लॉथ काखेत मारून निघून गेले. रखवालदार म्हणाला, “मावशी, तुम्ही पोलिसात हव्या होतात.”

“पोलिसात दिवसभर उभं राहावं लागतं,” मावशी म्हणाली. “इथे बसायला खुर्ची आहे.”

त्याच दुपारी साहेबांनी तिला वरच्या मजल्यावरच्या आपल्या केबिनमध्ये बोलावले.

साहेब म्हणजे थोरल्या बाईंचे एकुलते एक चिरंजीव. दोन वर्षांपूर्वी बाईंच्या गुडघ्यांनी जिन्याला नकार दिला, तेव्हा गल्ल्याच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. बाई तिसऱ्या मजल्यावरच्या राहत्या घरात मुक्कामाला गेल्या आणि महिन्यातून एकदा मालाच्या लिफ्टमधून खाली येऊन, शेल्फांवरून हात फिरवून, कुठे धूळ आहे ते सांगून जात. साहेब मन लावून काम करणारे होते. त्यांनी प्रत्येक नगाला क्रमांकाचे लेबल शिवून घेतले होते आणि ते लेबल वाचणारे यंत्र आणले होते. कोणता नग कधी आला, कधी विकला गेला, ते यंत्र बिनचूक सांगे.

“बसा, मावशी.”

बसा म्हटल्याबरोबरच मावशीला कळले, की हे उभ्याने ऐकण्याजोगे नाही.

“ही सात ब्लँकेटं. लोकरीची, राखाडी, आपल्याकडची सगळ्यात महाग. परत आल्याची नोंद आहे, तुमच्या अक्षरात. पैसे दिल्याची नोंद आहे. पण त्याआधी विकल्याची नोंद नाही.”

“यंत्राची चूक असेल एखादी.”

“एक चुकेल. सात?” साहेबांनी कागद तिच्याकडे वळवला. “कुणीतरी आपल्याच शेल्फावरून ब्लँकेट उचलतं, आपल्याच खिडकीत आणून देतं आणि आपल्याकडूनच पैसे घेऊन जातं. महिन्याला एक. पगार असल्यासारखं. कोण आणतं ते आठवतंय?”

“एक मुलगी. लग्न झालेली. पंचविशीची असेल, अंगाने बारीक.”

“सातही वेळा तीच?”

“हो.”

“आणि काय म्हणते?”

“रंग जुळत नाही म्हणते.”

“राखाडी रंग!” साहेब खुर्चीत मागे टेकले. “राखाडी रंग कशाशी जुळत नाही, मावशी? आणि तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत?”

“पाटीवर लिहिलंय, साहेब. कारण—”

“पाटी मी अक्षरओळख झाल्यापासून वाचतोय.” साहेबांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरे, असे मावशीला वाटले. “मला तुमच्यावर संशय घ्यायचा नाही. पण माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने पहिलं बोट कुणाकडे दाखवलं असतं? बाहेर एक मुलगी, आत एक मावशी. कापडाच्या वासावरून वाढदिवस ओळखणाऱ्या बाईला सात ब्लँकेटं ओळखू येत नाहीत, हे कुणाला पटेल? शनिवारपर्यंत मला नाव सांगा. नाही तर खिडकीची किल्ली इथे आणून ठेवा.”

मावशी जिना उतरली. धाकटी मुलगी अजून शिकत होती आणि घरात दुसरी मिळकत नव्हती. पण खिडकी जाण्यापेक्षा ती कशासाठी जाणार, हे तिला अधिक लागले होते. चोर म्हणून हाकलून दिलेल्या बाईला त्या रस्त्यावरच्या कोणत्याच दुकानाने आत घेतले नसते, आणि घेतले असते तरी तिने स्वतःला तिथे बसू दिले नसते.

परत आलेला माल पुन्हा शेल्फावर जाण्याआधी गोदामातल्या लोखंडी कपाटात पडून असे. दिवस उन्हाळ्याचे, ब्लँकेटांची घाई कुणालाच नव्हती. त्यामुळे सातांपैकी चार अजून तिथेच होती. मावशीने ती टेबलावर मांडली. वास घेतला. लोकरीचा आणि किंचित चंदनी साबणाचा. दुसरे काही नाही. बोटे फिरवली. डाग नाही, सुरकुती नाही. घडी चोख.

घडीशी तिचा हात थांबला.

साहेब आल्यापासून दुकानात ब्लँकेटे पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवत, लेबल दर्शनी, कड बाहेर. ही चारही ब्लँकेटे तशी नव्हती. यांच्या दोन्ही कडा आत दुमडलेल्या, मग मधोमध घडी, मग तीन पदर, आणि शेवटचा पदर पाकिटाच्या झाकणासारखा आत खोचलेला. शिवण कुठूनही दिसत नव्हती. ही जुन्या दुकानाची घडी होती, अरुंद फळ्यांच्या काळातली. थोरल्या बाईंनी ती मावशीच्या हातावर छडी न मारता पण छडीपेक्षा जड शब्द मारून बसवून घेतली होती.

मावशी स्टुलावर बसली. सात महिने ही घडी तिच्या हातांखालून गेली होती आणि तिला काहीच खटकले नव्हते. खटकणार कसे? डोळ्याला चुकलेले खटकते. हे तर तिने स्वतः केले असते तसेच, बरोबर होते. नव्या पोरींपैकी कुणी खिडकीत बसली असती तर तिने पहिल्याच दिवशी विचारले असते, की ही कसली चमत्कारिक घडी.

ती घडी घालता येणारी माणसे मावशीने मनात मोजली. थोरल्या बाई. ती स्वतः. आणि शिवणबाई, जी मागच्या खोलीत सव्वीस वर्षे पडद्यांच्या कडा शिवत होती. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला, टाके वाकडे पडू लागले, तेव्हा साहेबांनी नियमाप्रमाणे तिचा हिशेब चुकता करून तिला घरी पाठवले. नियमाप्रमाणे म्हणजे फार थोडे. रोजंदारीवरच्या माणसाला नियमात आणखी काही नव्हते.

शिवणबाईला एक सून होती, हेही मावशीला तेव्हाच आठवले.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधी ती मुलगी आली. ब्लँकेट तिने दोन्ही हातांनी खिडकीत ठेवले.

“रंग जुळत नाही,” ती म्हणाली.

“सासूबाईंचे डोळे कसे आहेत?”

मुलगी दचकेल, पळेल, निदान खोटे बोलेल, अशी मावशीची अपेक्षा होती. मुलीचा चेहरा उलट खुलला.

“तुम्ही ओळखता त्यांना? एका डोळ्याचं झालं ऑपरेशन. आता घड्याळातले आकडे दिसतात म्हणतात. दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे. तुमची सारखी आठवण काढतात हो. म्हणतात, खिडकीत मावशी असेल, ती काही विचारणार नाही.”

“ब्लँकेट तुला कोण देतं?”

“थोरल्या बाई. मागच्या जिन्याने वर जाते मी, त्या घडी घालूनच ठेवतात. म्हणाल्या, दुकानाची पद्धतच आहे, जुन्या माणसांना असंच देतात.” ती थांबली. मावशीचा चेहरा तिने आता नीट पाहिला. “का हो? नाही का पद्धत?”

“रंगाचं कुणी सांगितलं?”

“बाईंनीच. म्हणाल्या, कारण विचारत नाहीत, पण आपण आपलं सांगून टाकावं.”

मावशीने ब्लँकेट आत ओढून घेतले, पण गल्ल्याकडे हात नेला नाही. “आज पैसे देता येत नाहीत, बाळ. पावती नाही.”

“पण पावती कधीच नव्हती.”

“हो ना,” मावशी म्हणाली. “शनिवारपर्यंत थांब. सासूबाईंना यातलं काही सांगू नकोस. म्हणावं, खिडकीत गर्दी होती.”

एकोणीस वर्षांत त्या खिडकीतून तिने लबाडांना परत पाठवले होते. प्रामाणिक माणसाला पाठवण्याची ही पहिलीच वेळ.

तिसऱ्या मजल्यावर थोरल्या बाई खिडकीशी बसून नॅपकिनांच्या घड्या घालत होत्या. घरातले सहा नॅपकिन त्या दिवसातून दोनदा उलगडत आणि दोनदा घालत. मावशीने ब्लँकेट त्यांच्यापुढे ठेवले.

बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि नॅपकिन पुरा केला. “दिले नाहीस पैसे?”

“नाही, बाई.”

“पाटी वाचता येत नाही का तुला?”

“येते. साहेबांना यंत्र वाचता येतं.” मावशी उभीच होती. “सात ब्लँकेटं सापडलीत त्यांना. शनिवारी माझी किल्ली जाणार.”

“तुझी का? तू काय केलंस?”

“काहीच नाही. म्हणूनच तर.”

बाईंनी पुढचा नॅपकिन उचलला आणि तसाच मांडीवर ठेवला.

“शिवणबाईसाठी मी त्याच्याकडे मागितलं होतं,” त्या म्हणाल्या. “एकदा. जेवताना. म्हणाला, आई, एकीला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल, नियमात बसत नाही. मी आमटी वाढून घेतली आणि गप्प बसले. दुसऱ्यांदा मागणं मला येत नाही. कधी शिकले नाही.”

“ते ठाऊक आहे, बाई.”

“गल्ला त्याचा. पण शेल्फावरून हात फिरवायला मला अजून कुणी हटकत नाही.” त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलले आणि लगेच विझले. “मला वाटलं, खिडकी माझीच आहे. खिडकीतून गेलं म्हणजे कुणाचं गेलं नाही.”

“खिडकीत मी बसते, बाई.”

थोरल्या बाईंना असे कुणी सुनावून कैक वर्षे झाली होती. त्यांनी मावशीकडे वर पाहिले, चष्म्यावरून, जसे त्यांनी पहिल्या दिवशी पाहिले होते.

“त्याला सांगणार आहेस?”

“मला नाव विचारलंय. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. किल्ली ठेवीन.”

“शहाणी आहेस,” बाई म्हणाल्या; ती स्तुती होती की टोमणा, ते मावशीला कळले नाही. “ब्लँकेट इथेच राहू दे. जा, खाली गिऱ्हाइकं खोळंबली असतील.”

शुक्रवारी वरून काही निरोप आला नाही. मावशीने आपला डबा, पाण्याची बाटली, पाठीशी घ्यायची उशी आणि लेखणीचा डबा एका पिशवीत भरून ठेवला. उशी दुकानाचीच होती. तिने ती पुन्हा बाहेर काढून खुर्चीवर ठेवली.

शनिवारी सकाळी साहेब स्वतः खिडकीशी आले. सोबत छापील कागदांचा गठ्ठा होता. नव्या पद्धतीचा अर्ज: नाव, मालाचे वर्णन, पावती क्रमांक, परत करण्याचे कारण, आणि सगळ्यांत खाली, पावती नसल्यास प्रमुखाची सही. कारणासाठी एक ओळ सोडलेली होती.

“नाव?” साहेबांनी हळू आवाजात विचारले.

मावशीने किल्ली फळीवर ठेवली. “सांगता येणार नाही, साहेब.”

“माहीत नाही, की सांगता येणार नाही?”

मावशीने किल्ली आणखी थोडी पुढे सरकवली. साहेबांनी किल्लीला हात लावला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहानपणी ज्या बाईच्या खुर्चीखाली लपून बसलो, तीच बाई अशी निघाली, याचे ओशाळेपण होते.

तेवढ्यात रखवालदाराने खाडकन सलाम ठोकला.

थोरल्या बाई समोरच्या दाराने आत येत होत्या. मालाच्या लिफ्टने गोदामात उतरून, मागच्या गल्लीतून काठी टेकत सगळ्या दुकानाला वळसा घालून, गिऱ्हाइकांच्या दाराने. काखेत राखाडी ब्लँकेट होते. खिडकीशी उशी परत करायला आलेला एक माणूस होता; बाई त्याच्यामागे उभ्या राहिल्या.

“आई! अगं, तू चालत आलीस? वर चल. वर बोलू.”

“वर मी मालकीण आहे. इथे रांगेत आहे,” बाई म्हणाल्या. “यांचं होऊ दे.”

उशीवाल्या माणसाने त्या दोघांकडे पाहिले आणि तो रीतसर बाजूला सरकला. “नाही नाही, आजी, तुम्ही घ्या आधी. मला घाई नाही.”

बाईंनी ब्लँकेट खिडकीत ठेवले. “परत करायचंय.”

मावशीने अर्ज पुढे ओढला. तिला आपला आवाज दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ऐकू आला. “पावती?”

“नाही.”

“कारण लिहावं लागतं, बाई. आजपासून.”

“मग लिही.” बाई काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ उभ्या राहिल्या आणि वाणसामानाची यादी सांगावी तशा सांगू लागल्या. “सव्वीस वर्षं या दुकानाचे पडदे शिवणाऱ्या बाईचे डोळे गेले. दुकानाने तिला चार दमड्या देऊन घरी पाठवलं. मुलाकडे एकदा मागितलं, तो नाही म्हणाला. दुसऱ्यांदा मागायला कमीपणा वाटला, म्हणून मी शेल्फावरून ब्लँकेटं उचलली आणि तिच्या सुनेच्या हातून इथे परत केली. सुनेला ठाऊक नव्हतं. खिडकीतल्या बाईला ठाऊक नव्हतं. लिहिलंस?”

“बाई, ओळ एकच आहे.”

“पाठीमागे लिही. आणि असे आणखी सात अर्ज काढ. सह्या करते.”

“सात?” उशीवाला माणूस नकळत बोलून गेला. “अहो, माझी एकच उशी आहे हो.”

“तुम्हीच म्हणालात घाई नाही,” बाई त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या.

मावशीने लिहिले. बाईंनी आठ सह्या केल्या, प्रत्येक सही पहिलीइतकीच ठसठशीत. मग मावशीने पहिला अर्ज साहेबांपुढे सरकवला, कारण प्रमुखाच्या सहीची जागा रिकामी होती. साहेबांनी पुढची बाजू वाचली, मागची वाचली आणि पुन्हा पुढची वाचली.

“मावशींना कधी कळलं?”

“गुरुवारी. तुला सांगितलं नाही तिने, कारण तिला मी घडवलंय.”

साहेबांनी पेन काढले. सह्या करताना त्यांनी मान वर केली नाही. “शिवणबाईंचं आता कार्यालयातून जाईल. दर महिन्याला. नोंद करून, सही घेऊन.”

“तिला अजून नीट दिसत कुठंय सही करायला?”

“अंगठा चालेल.”

“पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे,” मावशी म्हणाली. “मग सही करतील.”

“आणि सोमवारपासून पावतीशिवाय काहीही परत घ्यायचं नाही. कुणाचंही.” साहेबांनी पाटीकडे पाहिले. “ती उतरवायला सांगतो.”

बाईंनीही वर पाहिले. रंग उडालेला नव्हता. फक्त ‘आवडले’वरचा टवका गेला होता. “माझ्या खोलीत पाठव,” त्या म्हणाल्या. “गोदामात टाकू नकोस, तिथे ओल आहे.”

बोलता बोलता साहेबांनी लेबल तपासायला उलगडलेले ब्लँकेट उचलले होते. दोन्ही कडा आत. मधोमध घडी. तीन पदर. हात आपले काम करत होते, साहेबांचे त्यांच्याकडे लक्षही नव्हते. शेवटचा पदर त्यांनी आत खोचला, वरून एकदा तळवा फिरवला आणि ब्लँकेट मावशीच्या हाती दिले. मावशीने घडी पाहिली. थोरल्या बाईंनीही पाहिली.

फळीवरची किल्ली साहेबांनी दोन बोटांनी आत ढकलली आणि आईला हात द्यायला वळले. बाईंनी हात घेतला नाही, पण काठी दुसऱ्या बाजूला घेतली, म्हणजे ती बाजू त्याच्यासाठी मोकळी झाली.

मावशीने किल्ली कमरेला लावली, नवा अर्ज काढला आणि उशीवाल्या माणसाकडे पाहिले.

“पावती?”